स्वतःच्या घरात जाण्यासाठी गेट पास मिळणेबाबत

दिनांक : १९ नोव्हेंबर

प्रति,
मा. सुरक्षा अधिकारी,
कारखाना, मुख्य गेट.

विषय : निवृत्त पहारेकऱ्याच्या पत्नीस स्वतःच्या घरात जाण्यासाठी कायम गेट पास मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या लेखनिकांनी खिडकीतून दिलेले तोंडी उत्तर : "बाई, हे काय भलतंच?"

महोदय,

१. माझे पती आपल्या मुख्य गेटवर पहारेकरी होते. पास नाही म्हणून त्यांनी खुद्द मालकांच्या जावयांना उन्हात उभे केले होते, हे आपणांस ठाऊक असेलच. आता त्यांना विस्मृतीचा आजार जडला आहे. घराचे दार म्हणजेच आपले गेट, असे धरून ते तिथे खुर्ची टाकून बसतात.

२. मी दूध वा औषधे घेऊन परतले की मला पास मागतात. सोमवारी दुपारभर मी जिन्यात बसून होते. दूध नासले, त्यांची गोळी चुकली. आत त्यांनीच पेटवून ठेवलेल्या गॅसवर पातेले जळून काळे ठिक्कर पडले, तरी ते जागचे हलले नाहीत. अशाने एक दिवस घर पेटेल, त्यांना संस्थेत ठेवू, असे मुलाचे म्हणणे आहे. मला ते मान्य नाही. मला घरात जाता आले, तर ते घरात राहतील.

३. मी पुठ्ठ्याचा पास करून पाहिला. त्यावर गोल शिक्का नाही, हे त्यांनी क्षणात हेरले. जेवलो की नाही ते आठवत नाही, शिक्का बरा आठवतो! मला संताप आला आणि, खोटे कशाला सांगू, अभिमानही वाटला. सबब शिक्का आपलाच हवा.

४. तात्पुरता पास चालणार नाही. तो संध्याकाळी जमा करून घेतात, व मग ते मला बाहेर काढतील.

५. 'कोणास भेटायचे' या रकान्यात त्यांचे नाव घालू नये. काल मी हात जोडले, तेव्हा ते म्हणाले, "बाई, रागावू नका. आत माझी बायको एकटी आहे. परक्या माणसाला कसं सोडू?" तरी त्या रकान्यात 'पहारेकऱ्यांच्या पत्नीस' असे लिहावे. ती आत नाही, हे त्यांना कळू देऊ नये, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
(सही)
पहारेकऱ्यांची पत्नी
सध्या मुक्काम : घराबाहेरचा जिना

सोबत :
१. डॉक्टरांचे प्रमाणपत्र.
२. माझा आताचा फोटो. लग्नातला जोडणार होते. तो त्यांनी काढून घेऊन वरच्या खिशात ठेवला आहे. परक्या बाईकडे तो कसा आला, याची चौकशी चालू आहे.