मामांच्या येझदीचे हाल

देवळाली प्रवरा,
वसुबारसेच्या आधीचा रविवार

तीर्थरूप सूर्यभानमामांना भाचा वैजनाथचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे रीत म्हणून लिहिलेलं नाही. परवापासून मला खरोखरच पालथं निजावं लागतंय. कारण पुढे येईलच.)

तुमचा गुडघा कसा आहे? मामींची शुगर? शेवगावात थंडी पडली का? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोन उचलल्याबरोबर तुम्ही 'गाडी चालू झाली का?' एवढंच विचारता, आणि त्या प्रश्नाला माझ्याजवळ एका शब्दाचं उत्तर नाही. म्हणून पत्र.

मामा, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही तुमची येझदी माझ्या हवाली केलीत, तेव्हा टेम्पोत तिच्याशेजारी उभा राहून मी शब्द दिला होता, की हिला नवरीसारखी नटवून तुमच्या दारात आणीन. त्या दिवशी ती निदान मोटारसायकल होती. गंज होता, सीटमध्ये उंदरांचं बिऱ्हाड होतं, पण कुणीही बघून 'ही मोटारसायकल' असं सांगितलं असतं. मग मी मोबाईलवर व्हिडिओ बघत ती खोलायला घेतली, आणि आमच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. व्हिडिओतला माणूस म्हणाला, प्रत्येक बारीक वस्तू वेगळ्या डब्यात ठेवा. पतसंस्थेतल्या कारकुनाच्या घरात रिकामे डबे कुठले? स्वयंपाकघरातले घेतले. चतुर्थीला आईच्या (म्हणजे तुमच्या अक्काच्या) खिचडीत बेअरिंगची गोळी निघाली. तिनं ती दाताखाली दाबून पाहिली, बाहेर काढून पदराला पुसली आणि म्हणाली, "औंदा साबुदाना लई कडक आलाय." ज्योतीनं फडताळाला कुलूप लावलं. तुमची भाचेसून सध्या माझ्याशी आईमार्फत बोलते.

पेट्रोलच्या टाकीत गंज होता. खडी घालून हलवली की गंज सुटतो, असं कळलं. तसं केलं. गंज सुटला, खडी सुटेना. टाकी उलटी डोक्यावर धरून मी अंगणात असा काही नाचलो, की रस्त्यानं चाललेल्या बनुबाई आत येऊन ज्योतीला विचारू लागल्या, "ह्यांच्या अंगात कवापासून येतं?" नंतर रंग दिला. तुमचा तो जुना तांबडा रंग गावोगाव हिंडून मिळवला होता, मामा. टाकी उन्हात ठेवली, मागे सरकून डोळे भरून पाहिली, आणि त्याच घडीला शेजारच्या गोरक्षनं सोयाबीनचं मळणीयंत्र चालू केलं. वारा आमच्याकडेच होता. आता टाकीला बारीक लव आली आहे. हात फिरवला तर वासराच्या पाठीवरून फिरवल्यासारखं वाटतं.

इथवरचं सगळं दैवावर ढकलता येईल. हँडलचं मात्र माझंच डोकं. हल्ली जुन्या गाड्यांना उंच हँडल बसवतात (म्हशीच्या शिंगांसारखं, वर जाऊन आत वळलेलं). मीही तसं वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलं. गाडीवर बसलं, की पोलिसांनी 'हात वर' म्हटल्यासारखं दिसतं. तेही चाललं असतं. पण हँडल उंच झालं आणि क्लचची तार होती तेवढीच राहिली. ती मी ओढूनताणून बसवली.

परवा दुपारी किक मारली आणि मामा, ती चालू झाली! दोन्ही सायलेन्सरमधून तोच आवाज. फट्‌ फट्‌ फट्‌. माझ्या डोळ्यांत पाणी आलं (थोडं धुरानंही असेल). शहाण्या माणसानं तिथंच थांबून पेढे वाटले असते. मी बसलो आणि गिअर टाकला. क्लच हळूच सोडायचा, तर तो सुटलाच, तार तुटून. दोन्ही हात आकाशाकडे, अशा अवस्थेत मी अंगण ओलांडलं, तारेचं कुंपण ओलांडलं आणि गोरक्षच्या कांद्याच्या चाळीत शिरलो. चाळीचा बांबू निसटला, मी बुडावर आपटलो, आणि त्याचा जपून ठेवलेला सगळा कांदा माझ्या अंगावर आला. गोरक्ष धावत आला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "कांदं पायजे व्हतं तर पिशवी घिऊन यायचं की."

पुढचं चाक आता इंग्रजी आठासारखं दिसतंय. मामा, माझ्यानं होत नाही. तुमची एवढी लाडकी गाडी, आणि मी तिची दशा करून ठेवली. उद्या भंगारवाल्याला बोलावलंय. मला माफ करा. मामींना नमस्कार.

तुमचा (अजून मानत असाल तर)
वैजनाथ

ता. क. एक गोष्ट वर लिहायची टाळली. गाडी फटफटली तेव्हा आई मागच्या खोलीत पडली होती. मी कांद्यातून उठून लंगडत परत आलो, तर ती ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन ओट्यावर उभी. हल्ली तिला हाका ऐकू येत नाहीत, पण हा आवाज ऐकू गेला. म्हणाली, "सूर्यभान कुठं उतरला? दिसंना." मी म्हटलं, "मामा नाही गं, मीच होतो." ती थोडा वेळ फाटकाकडे बघत राहिली. "दर दिवाळीला न्यायला यायचा. ह्याच गाडीवर. वाटलं, पाय बरा झाला त्याचा." आणि खाली बसली.

ता. क. दुसरा. मी म्हणालो, मी सोडतो तुला शेवगावला. तर म्हणाली, "म्हायेरी पोरगं सोडाया येत नसतं. भाऊ न्यायला येतो." तेव्हा खरी विनंती एवढीच, की गाडीची वाट बघू नका. एसटीनं या, कुणाच्या जीपमध्ये या, पण भाऊबीजेला तिला न्यायला या.

ता. क. तिसरा. भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. आईनं पिशवी अजून रिकामी केलेली नाही. गडबडीत तिनं एक टॉवेल आत भरलाय, त्यात माझा प्लगपाना गुंडाळलेला होता. तो घ्यायचा तर पिशवी उघडावी लागेल. मला नाही उघडायची. येताना एक पाना घेऊन या.