हॉलमधला एकच खिळा

रविवार, बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम आटोपून. मिशिगन.

खुर्च्या उचलून उचलून कंबर गेलीये. पण डोक्यात तो खिळाच आहे.

कम्युनिटी हॉलच्या समोरच्या भिंतीवर एकच खिळा. त्यावर एका जुन्या कौन्सिलमनचा, म्हणजे इथल्या नगरसेवकाचा, फोटो असतो, टाय लावलेला, हसरा. दरवर्षी मी तो उतरवतो, तिथे बुद्धांचा फोटो लावतो आणि कार्यक्रम संपला की त्याला परत टांगतो. सहा वर्षं झाली. कोण होता, कधी विचारलंच नाही.

आज लेकीने सांगितलं. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिने त्याचीच माहिती काढलीये. पन्नासच्या दशकात तो इथून सतत निवडून यायचा. लायब्ररी बांधली, बाग केली, आणि काळ्या लोकांना या भागात घर मिळू नये म्हणून शेवटपर्यंत झटला. "ही वॉज व्हेरी पॉप्युलर, बाबा."

असणारच. आडनाव विचारून आमच्या आबांना खोली नाकारणारा घरमालकही गल्लीत सगळ्यांचा लाडकाच होता.

निघताना फोटो माझ्या हातात. "डोन्ट पुट हिम बॅक," लेक म्हणाली. मी म्हटलं, हॉलचा नियम आहे, पुढच्या वर्षी हॉल देणार नाहीत. हे खरं, की मी नुसता दमलो होतो? आबांसमोर असं बोललो असतो का?

लावला, त्याच खिळ्यावर. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. सवयीने दोन पावलं मागे गेलो. वाकडा दिसला, म्हणून पुन्हा जाऊन सरळ केला.

लेक दारात उभी राहून बघत होती.