उलट दिशेचे दोनशे बारा यात्रेकरू

मी, वेन पेइलिन, वय चौपन्न, धंदा मातीच्या मूर्ती घडवणे, राहणार फ्लोरिडा, ऑर्लँडोच्या दक्षिणेकडील एक वसाहत, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे आणि हे लिहिताना माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. अपवाद वसाहतीच्या समितीचा. माझी टपालपेटी नियमापेक्षा दोन इंच बुटकी असल्याच्या चार नोटिसा समितीने मला वर्षभरात धाडल्या. ज्याने उमेदीची दहा वर्षे राजवाडे, डोंगर आणि माणसे पंधरापट लहान करण्यात घालवली, तो शेवटी दोन इंचांत सापडावा, ह्या अन्यायाची कुठेतरी नोंद असावी म्हणून ती इथे केली.

मंगळवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, अजिबात काळजी करू नका, आणि पुढच्याच वाक्यात विचारले, मृत्युपत्र केलंय का? तेव्हा हा कागद. खरे तर तो कलम सहासाठी आहे. बाकीची कलमे सोबतीला.

कलम १. घर, बँकेतील शिल्लक आणि गाडी माझी मुलगी ल्यान हिला. माझी कोरणी, सुया आणि छोटे आरसेही तिलाच. ती टाम्पात दातांच्या दवाखान्यात काम करते आणि तिची हत्यारे जवळजवळ हीच आहेत. "फरक एवढाच आहे बाबा," ती एकदा म्हणाली, "माझी माणसं ओरडतात." माझी ओरडली असती तर बरे झाले असते.

कलम २. टपालपेटी समितीच्या अध्यक्षांना. त्यांनी ती हवी तेवढी ताणून घ्यावी.

कलम ३. गवंडी लाओ तोंग ('लाओ' म्हणजे आमच्याकडचे 'बुवा') ह्याने १९९८ साली माझी शिडी नेली. ती त्यालाच देऊन टाकावी असे मनात होते. पण वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही न केलेली बरी, आणि तोंगला सही करायची भारी हौस. तेव्हा तोंगला काहीही नाही. शिडी परत आणावी.

कलम ४. ह्या कलमात कुणाला काही दिलेले नाही. पण 'दहा हजार मैलांची बाग' ठाऊक नसेल तर पुढचे काही कळणार नाही.

ती बाग म्हणजे पर्यटकांसाठी इथे उभारलेला चिमुकला चीन, चीनमधल्याच एका कंपनीचा. आम्ही सव्वाशे कारागीर इथे आणले गेलो. तोंगच्या टोळीने बोटाएवढ्या लाखो विटा हाताने रचून कमरेएवढी चिनी भिंत उभी केली. मी माणसे केली. पहिल्या वर्षी इतकी गर्दी, की दुपारीच खानावळीतले मोमो संपत. पण बागेच्या टोकाला ल्हासाचा पोताला राजवाडाही होता, आणि त्यापुढे संचालक ख्वांग साहेबांनी स्वतः लिहिलेली पाटी: 'येथील रहिवासी पिढ्यान् पिढ्या समाधानी आहेत.' पहिल्या हिवाळ्यातच शनिवारी फाटकावर तिबेट सोडून आलेले काही असमाधानी रहिवासी फलक घेऊन उभे राहिले. मग वर्तमानपत्रवाले आले. मग शाळांनी सहली बंद केल्या. शेवटच्या वर्षी भिंतीवर माणसांपेक्षा सरडे जास्त होते. २००३ मध्ये टाळे लागले. पुढे लोक कुंपण तोडून आत शिरले, उचलता आले ते नेले आणि न उचलले ते फोडले.

कलम ५. राजवाड्याभोवती मी दोनशे बारा यात्रेकरू केले होते, तळहाताएवढे. आमच्या कार्यशाळेचा एकच नियम होता: मूर्तीचे तोंड येणाऱ्या पाहुण्याकडे, म्हणजे फोटो छान येतो. पाहुण्यांची वाट जिकडून येई, तिकडे तोंड करून मी सगळे ओळीने बसवले.

फाटकावर यांगचेन नावाची बाई असे. हॉटेलच्या धुलाईखान्यात कामाला. चिनी अस्खलित बोले; लहानपणी शिकवली गेली होती. शनिवारी मी फाटकाजवळच्या मूर्ती रंगवत असलो, की घोषणा देता देता थर्मासच्या झाकणात चहा ओतून कुंपणातून पुढे करी. "घ्या कुंभारदादा, तुमच्या साहेबांना नका सांगू. मीही माझ्यांना सांगत नाही." चहा तिबेटी, म्हणून खारट असे. मी पीत असे.

एका शनिवारी ती फलक बाहेर ठेवून, तिकीट काढून आत आली. राजवाड्यापाशी बराच वेळ उभी राहिली.

"कुंभारदादा, ही माणसं कुठे निघालीत?"

"प्रदक्षिणेला."

"अहो, मग उलटी का चाललीत? राजवाडा उजव्या हाताला हवा."

"फोटो चांगला येतो."

ती हसली नाही. "माझी आई ह्या वाटेवरून रोज चालायची. ती काय फोटो काढून घ्यायला?" मग काठीवाल्या एका म्हातारीकडे बोट दाखवून म्हणाली, "ही अगदी तिच्यासारखी दिसते. बाकीच्यांचं राहू द्या. हिला तरी फिरवाल?"

"येत्या शनिवारी फिरवतो," मी म्हणालो.

ख्वांग साहेब मात्र म्हणाले, "लाओ वेन, एक फिरवलीस तर सगळे फिरवावे लागतील. आणि सगळे फिरवले तर फाटकावरच्यांना वाटेल, आपण त्यांचं ऐकतो." त्यांनी एक पुस्तक उघडले. तिबेटात एक पंथ उलट्या बाजूनेही फिरतो म्हणे. वर्तमानपत्रासाठी निवेदन तयारच होते: मूर्तिकारांनी तिथे जाऊन पूर्ण खात्री करून घेतलेली आहे. मी ल्हासा कधी पाहिलेले नाही. ल्यान तेव्हा तीन वर्षांची होती आणि आमचे इथे राहण्याचे कागद साहेबांच्या खणात होते. मी सही केली. साहेबांनी ते पेन मला भेट दिले.

पुढच्या शनिवारी यांगचेनच्या हातात वर्तमानपत्र होते. चहा कुंपणातून पुन्हा कधी आला नाही. बाग बंद होईपर्यंत, दर शनिवारी, आला नाही.

ते पेन ख्वांग साहेबांना परत द्यावे. शाई वाळली आहे.

कलम ६. टाळे लागल्यावर मी आत जाऊन शोधले. दोनशे अकरा फुटले होते किंवा गेले होते. काठीवाली म्हातारी गवतात पडलेली, नाकाला टवका. सोळा वर्षे ती माझ्या गॅरेजमध्ये बुटांच्या खोक्यात आहे. माझ्या पश्चात ती यांगचेनबाईंना पोचती करावी.

दुरुस्ती. वरील कलम सहा रद्द समजावे. ही वस्तू आता माझी नाही. आज सकाळी मी खोके घेऊन यांगचेनबाईंच्या दारात गेलो. त्यांचे केस पूर्ण पांढरे झालेत. खोक्यात बघून म्हणाल्या, "शनिवारी म्हणाला होतात."

"आज शनिवारच आहे."

"होय. एवढे शनिवार!" मग बाजूला झाल्या. "आत या. तुम्हीच ठेवा. बघू दे शिकलात का."

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर छोटे देवघर आहे. मी ते म्हातारीच्या उजव्या हाताला येईल असे तिला ठेवले. एकीलाच फिरवता आले. यांगचेनबाईंनी थर्मास काढला.

कलम सहा रद्द झाल्याने त्यांना ह्या कागदातून काहीही मिळत नाही. तेव्हा मी विचारले, साक्षीला सही कराल का?

"आधी वाचते," त्या म्हणाल्या. "तुमच्या सहीचा मला अनुभव आहे."

त्यांनी सगळे वाचले. चष्मा लावून, दोनदा.

ठिकाण: यांगचेनबाईंचे स्वयंपाकघर, फ्लोरिडा
दिनांक: शनिवार, ९ मार्च २०१९

लिहून देणार: वेन पेइलिन

साक्षीदार:
१. तोंग गुओआन, गवंडी (शिडी गाडीवर बांधून आणली आहे)
२. यांगचेन. वरील मजकूर खरा आहे.