दुभाष्याची तब्येत

इझमिर, १२ एप्रिल १८५०

ती. मिहरानदादास,
तागुहीचा सा. न. वि. वि.

तू सरहद्दीवरच्या छावणीत सुखरूप पोचलास हे वाचून जीव भांड्यात पडला. आपल्या सुलतानाचे राज्य आणि इराणचे राज्य यांच्यामधली रेघ आखायला सरकारने बरोबर माणूस निवडला. लहानपणी अंथरुणाच्या मधोमध रेघ मारून मला भिंतीकडे ढकलणारा तूच ना!

इकडे मात्र बेद्रोसने आपल्या गल्लीच्या तोंडाशी भिंत घातली आहे. हो, तोच शेजारचा बेद्रोस, माझ्या लग्नात तुझ्या मांडीला मांडी लावून पिलाफ-भात चापणारा. गल्ली त्याची आहे म्हणतो. माणूस अंग चोरून जाऊ शकतो, पण लादलेला उंट कसा जाणार? आणि उंट अंगणात आले नाहीत तर अंजिरे उतरवायची कुठे? हे गेल्यापासून वखारीच्या त्या अंगणावरच माझे आणि तुझ्या भाच्याचे, लेव्होनचे, पोट चालते आहे. ऑगस्टअखेर तांडे सुरू होतील.

काझीकडे गेले. भला माणूस आहे. स्वतः येऊन भिंत पाहिली, चुकचुकला, आणि म्हणाला की बाई, भिंत उघड उघड अन्यायाची आहे, पण बेद्रोसने परदेशी वकिलातीचे संरक्षण घेतले आहे. वकिलातीचा दुभाषा हजर असल्याशिवाय मी त्याला त्याचे नावसुद्धा विचारू शकत नाही. मग दुभाष्याला बोलावणे गेले. आधी त्याला ताप आला. मग त्यांचा सण निघाला. पुढच्या तारखेला दुभाषेसाहेब शिकारीला गेले होते. बेद्रोसचा बाप्तिस्मा आपल्याच चर्चमध्ये झाला रे! परदेश म्हणून त्याने पाहिले काय, तर बंदरातली जहाजे.

तू परराष्ट्र खात्यातला माणूस. तुझे वरिष्ठ जे पाशा, त्यांच्या कानावर घाल. लोभ आहेच, तो टपालाच्या घोड्याआधी पोचावा.

तुझी,
तागुही

—

सरहद्दीची छावणी, ९ जून १८५०

चि. तागुहीस,
मिहरानचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुला वाटत असेल दादा रेघा आखतो आहे. अजून एक खुंटी ठोकलेली नाही. आधी कोणी कोणाच्या तंबूत भेटीला जायचे, यावरच गाडे अडले आहे. पाशा म्हणतात इराणी वकिलांनी यावे. इराणी वकील म्हणतात त्यांच्या शहाचा मान मोठा, पाशांनी यावे. मध्यस्थीला आलेले परके साहेब टेकडीवर बसून डोंगरांची चित्रे काढतात. चित्रे बरी निघतात.

भांडण आहे एका मेंढपाळ टोळीचे. हिवाळ्यात ती खाली आपल्या कुरणात असते, उन्हाळ्यात वर इराणच्या. तिच्या म्होरक्याला मी विचारले की तू कोणाची प्रजा, तर म्हणाला की ज्याचे गवत असेल त्याची. सगळे हसले. मला संताप आला. मी ठणकावून सांगितले की माणसाने एका दाराचे असावे. बैठक भरली की टोळी आपली, हे मीच मांडणार आहे. त्यासाठी जुने दाखले शोधता शोधता डोळे गेले.

भिंतीचे पाशांना सांगितले. ते म्हणाले की राजधानीला लिहावे लागेल, राजधानी वकिलातीला लिहील, आणि वकिलात दुभाष्याला विचारील. तेव्हा धीर धर.

आणि एक सांगून ठेवतो. आपणही तेच संरक्षण घ्यावे, असे लेव्होनच्या डोक्यात आले असेल. खबरदार! ज्या सरकारच्या बाजूने मी इथे भांडतो, त्याच्याच काझीला आपले घर पाठ दाखवणार असेल, तर मी इथे कोणत्या तोंडाने बोलू? माझ्या मायेवर विश्वास असू दे, आणि थोडा सरकारवरही.

तुझा,
मिहरान

—

इझमिर, ३ सप्टेंबर १८५०

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पहिला तांडा आला. उंट गल्लीच्या तोंडाशी फतकल मारून बसले. उंटवाल्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि माल दुसऱ्याच्या वखारीत नेऊन ओतला. निवडायला आलेल्या बायका माझ्या अंगणात रिकाम्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. त्यांना मी घरी जा म्हटले. त्यांनी टोपल्या एकीत एक घातल्या आणि निघून गेल्या.

दादा, तुझी राजधानी लिहील तेव्हा लिहील. अंजिरांना कीड लागायला तेवढा वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी लेव्होनला घेऊन वकिलातीत गेले. दुभाषेबुवांचे दर्शन झाले. चांगला धडधाकट आहे, गाल कसे लालबुंद! कॉफी पाजली, कागद केला. आता तुझा भाचा आणि ही वखार परदेशी. एकाच वकिलातीच्या दोघांचा तंटा तिथल्या तिथे मिटतो म्हणे, आणि तसाच मिटला. दुभाषा आला, बेद्रोसच्या खांद्यावर हात ठेवून दोन शब्द बोलला, आणि संध्याकाळपर्यंत भिंत नव्हती. बेद्रोसने मला वाकून नमस्कार केला, आता आपण एकाच घरचे म्हणाला. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण उंट आत येत होते, हात मोकळा नव्हता.

या वकिलातीचाच एक साहेब तुमच्याकडे चित्रे काढतो ना? त्याच्यापाशी काही बोलू नकोस. रागाव, पण लोभ तोडू नकोस.

तुझी,
तागुही

—

सरहद्दीची छावणी, २० ऑक्टोबर १८५०

चि. तागुहीस,
आशीर्वाद.

मला बोलायची गरजच पडली नाही. साहेबाला इझमिरहून त्याच्या लोकांनी कळवले होते. त्याच्याच तंबूत सगळे जेवायला बसलो होतो. तो उठला, पेला उंचावला, आणि मोठ्या प्रेमाने माझे अभिनंदन केले, की मिहरान एफेंदींचे घराणे आता आमच्या छत्राखाली आले. त्याला खरोखरच आनंद झाला होता. इराणी वकिलांनी नुसते स्मित केले आणि माझ्या ताटात मांसाचा चांगला तुकडा वाढला.

दुसऱ्या दिवशी बैठक भरली, इतक्या महिन्यांनी! टोळीचा विषय निघाला. मी उठलो. इराणी वकिलांनी फार अदबीने विचारले की एफेंदी, ज्याचे गवत त्याची प्रजा हे चुकीचे, असेच तुम्ही सांगणार ना? पाशांनी मला डोळ्यांनी खाली बसवले. माझ्या जागी जो बोलला त्याला दाखल्यांतले ओ की ठो माहीत नव्हते. टोळी गेली, तिच्याबरोबर आपले खालचे कुरणही गेले. पाशा मला परत पाठवत आहेत.

मी तुला बजावले होते. अंगण वाचले हे चांगले झाले असे लिहितो आहे, पण आज ते मनापासून म्हणवत नाही. लोभ आहे. तो कमी करता येत नाही म्हणूनच चिडलो आहे.

मिहरान

—

इझमिर, २ डिसेंबर १८५०

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र पुन्हा पुन्हा वाचले. दुसरे कोणी सांगण्याआधी इकडचे मीच सांगते.

गल्लीच्या कोपऱ्यावरचा म्हातारा चांभार हारालांबोस तुला आठवेल. आमच्या मालाचा एक उंट बुजला आणि त्याच्या दुकानावर गेला. फळ्या मोडल्या, त्याचा उजवा हात चिरडला. आता त्या हाताने दोरा ओढवत नाही. लेव्होन म्हणाला चूक म्हाताऱ्याचीच, दुकान रस्त्यात आले होते. म्हातारा काझीकडे गेला. काझीने वकिलातीला निरोप धाडला.

परवा दुभाषा आमच्या अंगणात आला. निवांत बसला, अंजिरे खाल्ली, वाखाणली. मग हात पुसत त्याने मला विचारले की बाई, सुनावणीच्या दिवशी माझी तब्येत कशी असावी?

उत्तम असावी, एवढेच म्हणायचे होते. दादा, शब्द अगदी ओठांवर होते. लेव्होन माझ्याकडे पाहत होता, बायका निवडत होत्या, दारात उंट उभे होते. मी अंजिरांचे ताट त्याच्यापुढे आणखी सरकवले.

काल हारालांबोस हात गळ्यात बांधून काझीच्या दारात दिवसभर बसला होता. दुभाष्याला ताप होता.

तू ये. लोभ असू दे असे लिहायची लाज वाटते, तरी असू दे.

तुझी,
तागुही