लाल चिंधीचा बार

प्रिय मास्तरीणबाई,

माझं अक्षर पाहून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. चिरंजीवांनी मला लिहायला बसवलंय. तू त्याचा फोन घेत नाहीस, वकिलाच्या कागदांवर अजून दोघांचीही सही नाही, तेव्हा आई, तूच तिला परत ये म्हणून चार शब्द लिही, तुझं ती ऐकेल, असं सांगून तो खाली गॅरेजमध्ये गेला. आता ते चार शब्द कोणते, हेच मला कळेनासं झालंय. ये म्हणू की येऊ नकोस म्हणू? सकाळपासून नुसते कागद फाडतेय.

त्यात डोक्यात तुझं ते टॉर्शन घर करून बसलंय. आमच्याकडे टॉर्शन बार म्हणजे गाडीखालचा पोलादी दांडा. चाक खड्ड्यात गेलं की तो पिळला जातो, पुन्हा सरळ होतो, आणि आत बसलेल्यांची हाडं शाबूत राहतात. नवी नवरी असताना तू म्हणालीस की तुमच्या गणितातही टॉर्शन असतं, तेव्हा मी किती हसले होते! तू भिंतीवरचं घड्याळ दाखवलंस. तीन-तीन तास पुढे जात राहा, चौथ्या खेपेला काटा होता तिथेच. असं फिरून मूळ जागी येतं ते टॉर्शनवालं, आणि काही असतात ती कितीही पुढे गेली तरी परत येतच नाहीत. मग मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलंस. बारीक तारेला टांगलेली दांडी, तिच्यावर टिकलीएवढा आरसा, भिंतीवर उजेडाचा ठिपका. मी दारातून आत पाऊल टाकलं तर ठिपका हलला. हेही टॉर्शनच, तारेचा एवढासा पीळही मोजता येतो म्हणालीस, आणि मी श्वास रोखून उभी! ही तिन्ही टॉर्शनं मी तुझ्याच तोंडून ऐकली आणि तिन्हींचा आता गुंता झालाय. तू गेलीस ती काट्यासारखी, की त्या परत न येणाऱ्यांसारखी? तुला विचारायचा मला हक्क आहे का, तेही कळत नाही.

बारचा तो प्रसंग तू विसरली नसशील. काढून ठेवलेले दोन्ही बार तू मदत म्हणून रॉकेलनं लख्ख पुसलेस, डावा कुठला, उजवा कुठला ते सांगणाऱ्या खडूच्या खुणांसकट. मग लांबी मोजलीस, जाडी मोजलीस, वजनही केलंस. सगळं सारखं, तेव्हा कुठलाही बार कुठेही चालेल, असं म्हणालीस. मलाही ते पटलं होतं. पण प्रत्येक बारला एकाच बाजूला पिळायची सवय लावलेली असते, उलट्या बाजूला घातला की तो टिकत नाही. बसवताना अदलाबदल झाली, एक बार तुटला, आणि चिरंजीव गिऱ्हाइकांसमोर तुझ्यावर तुटून पडले. अक्कल आहे का, तुझं गणित इथे काय चाटायचंय, उद्यापासून कशाला हात लावू नकोस. तू वर येऊन गुपचूप भाजी निवडत बसलीस. असे प्रसंग पुढेही होत राहिले, आणि दर वेळी तू अशीच वर यायचीस.

तू गेल्यापासून गॅरेजातली वरवरची कामं मी बघते. गेल्या आठवड्यात मी शहाणपणा केला. खडू पुसला जातो ना, म्हणून डाव्या बारला लाल चिंधी बांधली. उभी होते गाडीच्या समोर, तिच्याकडे तोंड करून. माझ्या डाव्या हाताला तो डावा, असा माझा सरळ हिशेब. गाडीचा डावा हात म्हणजे आत बसलेल्या ड्रायव्हरचा डावा हात, हे इतकी वर्षं या घरात काढून मला ठाऊक नव्हतं! गाडी बाहेर पडायच्या आत चूक लक्षात आली, काही तुटलं नाही. चिरंजीव मात्र सुरू झाले. तीच वाक्यं, शब्दाला शब्द, त्याच क्रमानं. फक्त गणिताच्या जागी म्हातारपण आलं. गिऱ्हाईक मोबाइलमध्ये डोकं घालून बसलं. मी वर आले, भाजी निवडायला ताट पुढे ओढलं, तेव्हा लक्षात आलं की आज भाजी आणलीच नव्हती.

आता मला सांग, हा माणूस वाईट आहे का? संध्याकाळी हाच माझ्या गुडघ्याला मलम चोळून देतो, औषध घेतलंस का विचारतो. मला त्याचा राग येतो, लगेच कीव येते, मग स्वतःचाच राग येतो. पोटचा पोर आहे गं. कुणाकडे बोलू?

तर तुला ये म्हणून लिहायला बसले खरी, पण ते हातून उतरेना. तू आलीस की त्याचं ओरडणं पुन्हा तुझ्याकडे जाईल आणि मी सुटेन. म्हणूनच तर मला तू हवी नाहीस ना, अशी शंका आली आणि माझी मलाच भीती वाटली. तेव्हा तू येऊ नकोस. मीच येऊ का तुझ्याकडे? खोली लहान आहे, ठाऊक आहे मला. मी जमिनीवर झोपेन. सासूपणा करणार नाही, तुझ्या वह्यांना हात लावणार नाही. किती दिवस, ते आत्ता विचारू नकोस, मलाच माहीत नाही. नाही म्हणालीस तरी रुसणार नाही, पण काय ते लवकर कळव, कारण पिशवी भरून पलंगाखाली ठेवली आहे. तो आत्ताच खालून ओरडून विचारत होता, लिहिलंस का तिला. मी हो म्हणाले.

तुझीच, अजून तरी,
आई