धोतराचं कारण

४ मे ५६
आजपासून ऑफिसला धोतर. पाटलोण चढतच नाही. उजवं अंड सुजून मोसंब्याएवढं झालंय. दुखत नाही, त्याचाच जास्त संशय येतो. शेजारच्या टेबलावरच्या व्यंकटरावाने खालून वर पाहिलं. "क्या जाधव साब, आज धोती?" सहज विचारलं, की कळलंय? जेवायच्या सुट्टीतही खुर्ची सोडली नाही.

११ मे
अफझलगंजचे हकीम. नाडी धरून डोळे मिटले. "गर्मी है मियाँ, नीचे उतर गई. सैकल नक्को चलाओ." काळा लेप दिला. त्यात काय आहे विचारलं तर हसले. हसण्यासारखं काय होतं?
सौ.ला सांगितलं नाही. लग्नाला तीन वर्षं, पाळणा हलला नाही. हे कळलं तर खापर माझ्याच डोक्यावर. अंगणात खाट टाकली, उकाड्याचं निमित्त.

२ जून
लेपाने कातडी सोलली, सूज तशीच. लंगोट मीच धुतो. सौ. दारात उभी राहून बघत होती. कधीपासून?

१९ जून
सुलतान बाजारातले दोन मराठी पुढारी घरी. म्हणाले, "राज्याचे तुकडे होणार, कुठल्या तुकड्यात जायचं तो ऑप्शन जो तो लपवून बसलाय, आणि तुम्ही उघड मराठी धोतर नेसून ऑफिसला जाता! छाती लागते, जाधव." रविवारच्या सभेत व्यासपीठावर बसा म्हणाले. व्यासपीठावर! सगळ्यांच्या नजरेच्या उंचीवर! घशाचं कारण सांगून वाटेला लावलं. आता ऑफिसात व्यंकटराव हल्ली इतरांशी का कुजबुजतो ते कळलं. पण नक्की तेच ना?

८ जुलै
शेवटी डॉक्टर. खोलीत अंधार करून सुजेला बॅटरी लावली. उजेड लालभडक होऊन पलीकडून दिसला. "पानी है." वृषणाभोवतीच्या पिशवीत भरतं. डासातून येणाऱ्या हत्तीरोगाच्या जंतूंनी होतं, कधी मार लागून, कधी काहीच कारण नसतं. गर्मी, सायकल, सगळं झूट. जंतू रात्रीच रक्तात येतात, म्हणून रक्त द्यायला रात्री या म्हणे. असं कुठे असतं?
सुईने काढलं तर पुन्हा भरतं. ऑपरेशनच करावं लागेल. मुलाचं विचारलं. त्याचा संबंध नाही म्हणाले. कापायचंच ठरवलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

१२ जुलै
काल रात्री रक्त देऊन आलो. सौ. जागी. "कुठे होतात?" ऑफिसचं काम म्हणालो. पाऊस लागलाय, तरी खाट ओसरीतच. सकाळी भाकरी समोर ठेवली आणि आत गेली.

३ ऑगस्ट
रक्तात काही सापडलं नाही. पाणी आहेच. रजेचा अर्ज दिला. साहेब: "रजा कायकू? जलसे में जारें क्या?" मग डॉक्टरचा दाखला पुढे केला. वाचला, धोतराकडे पाहिलं. "इसके वास्ते?" "हौ साब." पोट धरून हसले. मग दाखला पुन्हा वाचला. "अरे, मैं तो धोती देखको तुम्हारा नाम औरंगाबादवालों में भेज दिया ना."
जन्म या शहरात गेला. सुजेपायी बदली!

५ ऑगस्ट
आज सौ.ने धुण्याच्या दगडाशी गाठलं. "तीन वर्षांत रुमाल धुतला नाहीत. आता लंगोट धुता, बाहेर झोपता, रात्री गायब होता. कोण आहे ती? रोग कोणता आणलात?" डोळे कोरडे होते, तेच जास्त लागलं. माझी समजूत, सगळे माझ्यावर पाळत ठेवून आहेत. आणि हिने तीन महिने हे पोटात ठेवून माझ्या भाकऱ्या थापल्या. लाज वाटली. सगळं सांगितलं. दाखवलंही. तिने वाकून पाहिलं. "एवढंच?" म्हणाली आणि तिथेच बसून रडली.

१३ ऑगस्ट
दवाखान्यात. उद्या सकाळी ऑपरेशन. सौ. पिशवीत धोतर घडी करून घेऊन आली, पाटलोणही. दोन्ही का, विचारलं नाही. तिने पदर सावरून डॉक्टरांना सरळ विचारलं, "मूल होईल ना?" "होईल की," ते म्हणाले. मला म्हणाले होते त्यापेक्षा जरा मोठ्याने.
मोठ्याने का?