पाचवी सही

मंगळवार, ३ मार्च

स्वार्थी म्हणे! मी! अकरा वर्षं दर मंगळवारी हप्ता भरायला त्या खोलीत सतरंजीवर मांडी घालून बसले, गुडघ्यांची वाट लागली, सात कर्जं उचलली आणि सातही फेडली — आणि आज हे ऐकायचं. तेही माझ्या जोडीच्या, लांब हातांच्या लांबीकडून. सगळ्या बायकांसमोर. "तुझं झालं ना! मग आम्ही खड्ड्यात गेलो तरी तुला काय?"

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं थंड होईल. चौथीपर्यंतच शिकलेय, अक्षर कसं का येईना, वाचणारी मीच.

आम्ही पाच जणी. रुग्णालयाच्या चादरी धुतो, दाबतो, घड्या घालतो. कर्ज देणारी कंपनी एकेकटीला उभंसुद्धा करत नाही. पाच जणींचा गट लागतो, पाच सह्या लागतात. एकीने हप्ता भरला नाही तर बाकीच्या चौघींनी भरायचा. आणि पाचवी नसेल तर चौघींनाही काही मिळत नाही.

गेल्या मंगळवारी माझा शेवटचा हप्ता गेला. आज कंपनीचा साहेब पुढच्या कर्जाचे कागद घेऊन आला. चौघींनी सह्या केल्या. पेन माझ्याकडे आलं. मी टोपण लावून परत दिलं. बस! एवढाच माझा गुन्हा.

गुरुवार, ५ मार्च

कर्ज फिटून नऊ दिवस झाले. मला वाटलं होतं, डोक्यावरचं ओझं खाली ठेवल्यासारखं वाटेल. चालायला लागले तर पाय जमिनीला लागणार नाहीत, वगैरे. कसलं काय! उलट अंगात शिसं ओतल्यासारखं झालंय. कर्ज होतं तोवर कंबर दुखली तरी तिचं ऐकायला वेळ नव्हता. आता सगळी दुखणी रांग लावून उभी आहेत. कंबर, खांदा, टाच, उजव्या हाताची दोन बोटं. प्रत्येकाला आधी स्वतःचंच गाऱ्हाणं सांगायचंय.

नवरा म्हणाला, "अगं, फिटलं ना सगळं? मग तोंड असं का?"

म्हटलं, "थकायला आत्ता कुठे सवड मिळाली."

उठून बाहेर गेला. जाणारच. पहिलं कर्ज त्याच्याच टेम्पोचं. टेम्पो तीन वर्षांत भंगारात गेला, कर्ज मात्र ठणठणीत राहिलं. ते बुजवायला दुसरं, दुसरं बुजवायला तिसरं. मग मुलीचं शिक्षण. मग छप्पर. आता तो गोदामाच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्या टेम्पोंना नावं ठेवतो.

शुक्रवार, ६ मार्च

चप्पल घेतली. रोख दिले. दुकानदाराने काहीच विचारलं नाही. तो काहीतरी विचारेल असं मला उगाच वाटत होतं.

रविवार, ८ मार्च

आज घरी राहिले. रविवारची जादा पाळी सोडली. हप्त्यासाठीच करत होते ती. मुकादम परवा म्हणाला, "काय बाई, लॉटरी लागली का?" म्हटलं, "हो, तुमचं तोंड एक दिवस बघायचं नाही, एवढी मोठी लागली."

सकाळी धुतलेली भांडी पुन्हा धुतली. मग खिडकीशी बसले. समोरच्या गच्चीवर एक बाई गादी उन्हात टाकत होती, तिला बघत राहिले. अकरा वर्षांत कुणाला असं नुसतं बघितलं नव्हतं. तिने शेवटी विचारलं, "काय हवंय का?"

मुलीचा फोन. "आई, आता कुठेतरी फिरून ये."

"कुठे?"

"कुठेही."

"कुठेहीचं तिकीट किती?"

हसली. मग म्हणाली, "आई, तुझ्या आवाजात काही फरकच नाही गं. मला वाटलं, पडेल." काय सांगू तिला? जेवून आडवी झाले ती मेल्यासारखी झोपले आणि धडपडत उठले — आज काय भरायचंय? काही नाही. तरी धास्ती राहिलीच. धुलाईखान्यात जेवणाच्या सुट्टीत यंत्रं बंद करतात, तरी कानात घरघर राहते. तसं आहे हे. यंत्र बंद झालंय. घरघर जात नाही.

पण थोडा वेळ, चहा घेताना, गेली होती. कप रिकामा होईपर्यंत. तेवढ्यासाठी मी कुणालाही सही देणार नाही.

मंगळवार, १० मार्च

काम सुटलं आणि पाय आपोआप त्या खोलीकडे वळले. दारात पोचल्यावर भान आलं. परत फिरणार तेवढ्यात मोठी समोर.

मोठी आमच्या गटाची प्रमुख. आमच्यात वयाने मोठी, म्हणून मोठी. ती चादरी दाबायच्या यंत्राच्या गरम रुळावर चादरी सोडते. कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. विनवण्या करायचा तिचा स्वभाव नाही, कुणावर ओरडायचाही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

म्हणाली, "तुला पैसे नको तर नको. तुझ्या नावावर कमीत कमी घेऊ. ते आम्हीच वापरू, आम्हीच फेडू. तू फक्त सही कर."

"आणि नाही फेडलं तर?"

"तर तुझ्यावर येणार."

"मग झालं की! बोललीस ना स्वतःच!"

"लांबीच्या घरमालकाने महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीये. अनामत वाढवून भर, नाहीतर खोली सोड."

"ठाऊक आहे."

"साहेब चोवीस तारखेला कागद बंद करणार."

"ठाऊक आहे म्हणते ना!"

आत गेली. मी बाहेर उभी. वर्गाबाहेर काढलेल्या पोरीसारखी. आतून हजेरी ऐकू आली. चार नावं. चौथ्यानंतर साहेब थांबला, सवयीने.

बुधवार, ११ मार्च

चादरीची घडी दोघींनी घालायची असते. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला लांबी, सहा वर्षं झाली. बोलावं लागत नाही. तिने झटकलं की मी ताणायचं, मी पुढे आले की तिने टोकं घ्यायची. तिचे हात लांब म्हणून मोठ्या चादरी आमच्याकडेच.

आज तिने माझ्याकडे बघितलं नाही. चादर अशी खेचली की माझ्या बोटांतून सुटून जमिनीवर. पुन्हा धुवायला. मग दुसरी. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "माझा राग चादरीवर कशाला काढतेस?"

तर म्हणते, "चादरीला तरी दोन्ही टोकं सारखीच."

दिवसभर तेवढंच बोलणं.

शनिवार, १४ मार्च

दुसरी कुणी पाचवी मिळते का म्हणून त्यांनी सगळीकडे विचारलं. चहा करणारी नाही म्हणाली. झाडणारीला कंपनीच नाही म्हणाली, तिचं आधीचं थकलंय. धुवायच्या टाक्यांवर दोघी जावा आहेत, चौघींतल्याच. एकमेकींशी चार वर्षं बोलत नाहीत, मधे कुणीतरी लागतं. आज थोरली धाकटीला थेट म्हणाली, "तुझ्या बहिणीला विचार की." सगळा धुलाईखाना बघत राहिला. बहीणही नाही म्हणाली.

नवरा म्हणतो, "करून टाक सही. चौघी काय परक्या आहेत?"

"मग तुम्ही करा."

"मला कोण घेतंय? बायकांचा गट तो."

"मग दुसऱ्याच्या सहीवर उदार होऊ नका."

वचावचा बोलले. पण मग भांडी घासताना हात थांबले. मी वाईट आहे का? लांबी सामान घेऊन रस्त्यावर आली तर मला ते बघवणार आहे का? नाही. पण पहाटे दचकून उठून — आज तिने भरला असेल का, आज हिला पगार मिळाला असेल का — पुन्हा अकरा वर्षं? माझ्यात आता ते नाही. विहीर आटली की आटली. आत बादली आपटून काय होतं?

सोमवार, १६ मार्च

काही नाही. पाय सुजलेत.

मंगळवार, १७ मार्च

आज जे झालं ते लिहायचं की नाही, दोनदा वही मिटली.

जेवणाच्या सुट्टीत पाचही जणी एकाच बाकावर, जागा दुसरी नाही म्हणून. कुणी बोलेना. मला ते गप्प बसणं सोसेना. माझी जीभ! म्हटलं, "मला बघून घास अडकत असेल तर सांगा. मी काही चोरी नाही केली. जगात कुणाचं एका पैशाचं देणं माझ्यावर नाही. तुम्हीही असं राहायला शिका, म्हणजे कुणाच्या सहीसाठी दारोदार फिरावं लागणार नाही."

लांबीने डबा बंद केला. "कुणाचं देणं नाही?"

मोठी म्हणाली, "गप गं."

"का गप? किती वर्षं गप? हिची गर्भाची पिशवी काढली तेव्हा तीन महिने पडून होती ना घरी? तेरा हप्ते! कुणी भरले? साहेबाच्या बापाने?"

"साहेबाने सूट दिली होती," मी म्हटलं. "आजारपणाची." मोठीकडे बघितलं. ती आपल्या डब्यातल्या पोळीकडे बघत होती.

मग थोरली जाऊ, हळूच, "अगं, आम्ही आळीपाळीने रविवारी तुझ्या जागी उभ्या राहिलो. त्यातून भरले. मोठीने सांगितलं होतं, तिला बोलायचं नाही, ती उठून कामाला येईल, टाके तुटतील."

टाके तुटले असते. खरंच आले असते मी.

तीन वर्षं झाली त्याला. कामावर परत आले तेव्हा मी मोठीला विचारलं होतं, हप्त्यांचं काय झालं? ती म्हणाली, "साहेबाने सोडले." आणि मी मान डोलावली! जी कंपनी एक जण दहा मिनिटं उशिरा आली तर पाचही जणींना बसवून ठेवते, ती तेरा हप्ते सोडेल? शेंबडं पोरही फसलं नसतं. मी फसले. कारण मला दुसरा प्रश्न विचारायचाच नव्हता.

सुट्टी संपली. यंत्रं सुरू झाली. लांबी चादरीचं टोक धरून उभी होती. मी माझं टोक धरलं. ती रडत होती. मी नव्हते. मला इतका थकवा आला होता की रडायलाही त्राण नव्हतं.

बुधवार, १८ मार्च

नवऱ्याला विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? म्हणाला, "होतं." एवढंच.

गुरुवार, १९ मार्च

बँकेतलं होतं नव्हतं ते काढलं. तेरा हप्ते, वर थोडे. पाळीच्या आधी चौघींना रुळापाशी गाठलं. विचारलं, कुणी किती भरले?

मोठी म्हणाली, "लिहून ठेवलं नाही."

म्हटलं, मग मी सांगते तसं करा. हे पैसे घ्या, आपापसात वाटा, मी गटाला रामराम करते आणि लांबीच्या खोलीचं तुमचं तुम्ही बघा. नाहीतर कागद आणा, सही करते. दोन्हीतलं एकच. आणि कुणीही "राहू दे गं" म्हणायचं नाही, मला दया नको. शनिवारी पाळी सुटायच्या आत चौघींचं मिळून एक उत्तर मला पाहिजे.

लांबी म्हणाली, "आणि दोन्ही नको म्हटलं तर? नुसती आमच्यात बस म्हटलं तर?"

म्हटलं, तेही शनिवारीच सांग.